पाकिटातला तुकडा

परवा ऑफिसात भंगारवाला आला. जुना यूपीएस, दोन प्रिंटर आणि एक पत्र्याचा डबा, कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही. 'घेऊन जा बाबा' म्हणून मी चहाला सटकलो. चहा घेताना मायापुरी आठवलं आणि घोट घशातच अडकला.

२०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं यंत्र लिलावात विकलं. आत कोबाल्ट-६०! मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडलं गेलं. एकाने तर चकचकीत तुकडा चक्क पाकिटात ठेवला. वास नाही, लगेच चटकाही नाही. मग उलट्या, जुलाब, केस गळणं, काळी पडलेली कातडी. एक कामगार गेला, सात जण हॉस्पिटलात.

बरं, आयोडीनच्या गोळ्या इथे कुचकामी. त्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवतात. खरा बचाव म्हणजे लांब पळणं. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो. पिवळ्यावर तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, की हात लावायचा नाही, इतरांना हटवायचं, ११२ फिरवायचा.

मी जिना उतरून धावलो. टेम्पो गेटवरच होता. डबा फिरवून पाहिला. चिन्ह नव्हतं. तळाला लेबल होतं : भाजणीची चकली, अर्धा किलो.