बिबट्याचा कॅमेरा उन्हावर चालवावा

आपल्या जुन्नर तालुक्यात बिबट्या उसात राहतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तो कुठून येतो-जातो हे कळावे म्हणून बांधावर, पायवाटेवर कॅमेरे बांधतात. समोरून ऊबदार अंगाचा प्राणी हलला की फोटो आपोआप निघतो. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात. त्यामुळे आजचा बिबट्या कालचाच की दुसरा, हेही ओळखता येते. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांत बिबट्यांचे ५१,७७७ फोटो मिळाले!

पण कॅमेरा चालतो सेलवर. सिमकार्डाचा असला तर फोटो मोबाईलवर येतो, मात्र सेल फार लवकर उतरतात. मग कोणीतरी उसाच्या कडेने जाऊन ते बदलायचे. बिबट्या आहे म्हणून जिथे कॅमेरा लावला, तिथेच माणसाला पुन्हा पुन्हा धाडायचे, हे कुठले शहाणपण? माझे तर स्पष्ट मत आहे, की गावाजवळच्या कॅमेऱ्यांना सोलर प्लेट जोडावी. दिवसा उन्हावर बॅटरी भरते, रात्री तीच कामाला येते.

कोणी म्हणेल, प्लेट लावूनही कॅमेरा बंद पडतो. पडणारच! कॅमेरा बांधतात गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि प्लेट त्याच्याच डोक्यावर. ऊस माणसाच्या वर गेला की तिला ऊन कुठले? नुसत्या कोपऱ्यावर सावली आली तरी वीज बरीच घटते. म्हणून कॅमेरा खालीच ठेवावा आणि प्लेट वायर जोडून उंच खांबावर, दक्षिणेकडे तोंड करून बसवावी. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो.

आषाढात ऊन दडी मारते, तेव्हा जोडीला सेल हवेतच. चोरीचेही भय आहे. विहिरीवरची केबल जिथे राहत नाही, तिथे चकाकणारी प्लेट काय राहणार? म्हणून खांब वस्तीवरून दिसेल असा रोवावा. ज्याच्या बांधावर खांब, त्याने धूळ आणि पाखरांची शीट पुसावी, तीही दिवसाउजेडी, दोघांनी मिळून. आपण मुलांनी तिकडे फिरकायचे नाही.

आणि हे सारे फडाला कोयता लागायच्या आधी व्हावे. तोडणीवाल्यांची लहान पोरे फडाशेजारीच कोपीत झोपतात. बिबट्या कोणत्या बाजूने येतो, हे त्यांच्या आईबापांना कोण सांगणार?