फाटक माणसाच्या भरवशावर नको

तमिळनाडूत कडलूरजवळ ८ जुलै २०२५ रोजी सकाळी शाळेच्या व्हॅनला रेल्वेगाडीने धडक दिली आणि तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. फाटकावर गेटमन होता; नव्हती ती फाटक आणि सिग्नल यांची सांगड. इंटरलॉकिंग असते, तर फाटक बंद झाल्याखेरीज गाडीला हिरवा सिग्नल मिळालाच नसता.

ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर हटली, ही मोठी कामगिरीच. पण माणूस नेमला की धोका टळला, हा समज कडलूरने खोटा ठरवला. त्यानंतर रेल्वेने इंटरलॉकिंगसाठीची वर्दळीची अट २० हजार एककांवरून १० हजारांवर आणली आणि फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश दिले. शहाणपण आले, पण तीन दप्तरे पोरकी झाल्यावर.

मुळात ही एकके म्हणजे गाड्यांच्या आणि रस्त्यावरील वाहनांच्या संख्येचा गुणाकार. त्या आकड्यात वळण, धुके किंवा शाळेची वेळ दिसत नाही. प्रत्येक फाटकाची जोखीम जागेवर जाऊन तपासायला हवी.

सर्व फाटके पाच वर्षांत हटवा, असे रेल्वे सुरक्षेवरील अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्येच सांगितले होते. पण फाटकांऐवजी बांधायचे उड्डाणपूल भूसंपादनात अडकतात, भुयारी मार्ग पावसात तुंबतात आणि लोक पुन्हा रुळांवरूनच जातात. पूल होईल तेव्हा होवो; तोवर एकही फाटक निव्वळ गेटमनला फोनवर मिळणाऱ्या निरोपावर चालता कामा नये.