खेळातील शिस्त

मोठ्या माणसांनी खेळण्यांशी खेळावे काय, असा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर आपण आधीच देऊन ठेवलेले असते. मूल मोठे झाले की भोवरा आणि पत्र्याची आगगाडी माळ्यावर जाते, आणि पुढे एखाद्या प्रौढाने ती खाली काढलीच, तर घरची मंडळी त्याच्याकडे कीव मिसळलेल्या कौतुकाने पाहतात. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत मात्र घरामागच्या बागेत रूळ टाकून त्यांवर छोट्या आगगाड्या चालविणारी, नोकरी-व्यवसायात मुरलेली माणसे पुष्कळ आढळतात. त्यांची मंडळे असतात आणि ठरलेल्या सुटीच्या दिवशी ही मंडळे कोणा एका सभासदाच्या बागेत जमून जे करतात, त्यास ते 'ऑपरेटिंग सेशन' म्हणतात. आपण त्यास 'चालनसत्र' म्हणू. या सत्राविषयी आज चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम गाड्यांच्या मापाविषयी. 1968 साली जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील लेहमन या जुन्या खेळणी-कारखान्याने उन्हापावसात टिकेल अशी 'एल.जी.बी.' नावाची आगगाडी बाजारात आणली आणि या छंदाला नवी उभारी आली. तिच्या दोन रुळांतील अंतर 45 मिलिमीटर. गाडी खऱ्या गाडीच्या साडेबावीसाव्या हिश्शाची धरली, म्हणजे हे अंतर जवळजवळ बरोबर मीटरगेजचे होते. इंग्लंडमध्ये आणखी एक माप रूढ आहे. तेथे खऱ्या एका फुटास 16 मिलिमीटर धरतात व रूळ 32 मिलिमीटर अंतरावर टाकतात. म्हणजे ती दोन फुटी गाडी झाली. ग्वाल्हेरकर वाचकांच्या ध्यानी एव्हाना आलेच असेल की हे आपल्याच छोट्या गाडीचे माप! महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत सुरू झालेली आणि 1909 साली श्योपूरपर्यंत पोहोचलेली ती सुमारे 200 किलोमीटरची वाट दोन फुटीच होती. जयविलास राजवाड्यातील भोजनगृहाच्या मेजावर पाहुण्यांपुढे मद्य व चिरूट फिरविणारी चांदीची आगगाडी तर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलीच आहे.

परंतु चांदीची गाडी मेजावर फिरविणे वेगळे आणि चालनसत्र वेगळे. सत्रात गाडी नुसती फिरत नाही, ती काही कामासाठी निघते. बागेत चार-सहा स्थानके असतात. एखाद्या गुलाबाच्या ताटव्याशी लाकडाची वखार, तर हौदाच्या कडेला खाण. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड असते आणि त्या कार्डाच्या खिशात तिची बिल्टी खोचलेली असते : कोठून निघावयाचे, कोठे जावयाचे, काय न्यावयाचे. ही पद्धत अमेरिकेतील डग स्मिथ या गृहस्थांनी 1961 साली छंदिकांच्या मासिकातून मांडली. प्रत्येक गाडीवर बहुधा दोघे असतात, एक ड्रायव्हर आणि एक गार्ड. गार्डाने बिल्ट्या वाचून कोणती वाघीण कोठे सोडावयाची हे ठरवावे आणि ड्रायव्हरने त्याच्या सांगण्यावरून शंटिंग करावे. या सर्वांच्या वर एक कंट्रोलर. तो पडवीत किंवा मोटारखान्यात बसतो. त्यास बाग दिसत नाही. त्याच्यापुढे असतो एक तक्ता आणि हातात बोलण्याचे यंत्र. गाडीने स्थानक सोडण्यापूर्वी त्याची अनुज्ञा घ्यावयाची, आणि पुढल्या स्थानकी पोहोचताच त्यास कळवावयाचे.

घड्याळही निराळे असते. त्यास सहापट वेग दिला, तर चार तासांत चोवीस तासांचे वेळापत्रक पुरे होते. बागेत रणरणती दुपार आणि घड्याळात मध्यरात्र, अशी मौज त्यामुळे घडते. न्यू ऑर्लिअन्स येथील फ्रँक एलिसन यांनी 1940 नंतरच्या दशकात या सगळ्या प्रकाराला नाटकाची उपमा दिली होती : रूळ ही रंगभूमी, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक. नटाने आपल्या वेळी प्रवेश केला नाही तर इतरांचे संवाद अडतात, हे नाट्यप्रेमी मराठी वाचकांस निराळे सांगावयास नको.

बागेतील रंगभूमीवर निसर्गही आगंतुक पात्र म्हणून वावरतो. पितळी रुळाची दहा मीटरांची सलग लांबी सकाळच्या गारव्यापासून भर उन्हापर्यंत तीस अंशांनी तापली, तर ती साडेपाच मिलिमीटरांहून अधिक वाढते. सांध्यांत तेवढी जागा ठेवली नसेल तर रूळ वाकतात. वाळलेले पान, चिमणीने टाकलेली काडी, रुळावरून सावकाश निघालेली गोगलगाय, यांपैकी काहीही एक्सप्रेस गाडी थांबवू शकते. खऱ्या वाफेचे इंजिन असेल तर त्याचे पाणी व इंधन केव्हा संपेल याचाही हिशेब ठेवावा लागतो. म्हणून सत्रापूर्वी सगळा मार्ग कोणीतरी पायी हिंडून तपासतो. खऱ्या लोहमार्गावर हेच काम हातात हातोडा घेऊन फिरणारा गँगमन करतो.

आता कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण एवढे नियम कशाला? खेळ तो खेळ! याचे उत्तर रेल्वेच्या इतिहासात आहे. 1851 साली अमेरिकेतील ईरी रेल्वेचे अधीक्षक चार्ल्स मिनो ज्या गाडीने चालले होते, ती समोरून येणाऱ्या गाडीची वाट पाहत एका स्थानकात खोळंबली. मिनो यांनी तारेने पुढल्या स्थानकाकडे चौकशी केली, समोरची गाडी तेथे थांबवून धरण्याचा हुकूम दिला आणि आपल्या ड्रायव्हरास निघावयास सांगितले. त्याने साफ नकार दिला. तारेच्या कडकडाटावर विसंबून एकेरी मार्गावर गाडी घालणे त्याला मृत्यूच्या तोंडी जाणे वाटले. तेव्हा मिनो यांनी स्वतः इंजिन हाती घेतले, आणि ड्रायव्हर महाशय सर्वांत मागील डब्यातील सर्वांत मागच्या बाकावर जाऊन बसले. गाडी सुखरूप पोहोचली. तारेने गाड्या चालविण्याची रीत तेथून रूढ झाली.

त्या ड्रायव्हराला आपण हसतो, पण त्याचे भय अगदीच अनाठायी नव्हते. 1874 साली इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प येथे तारेच्या निरोपातील अशाच एका गोंधळाने दोन गाड्या एकाच मार्गावर समोरासमोर सोडल्या गेल्या आणि पंचवीस जीव गेले. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी असे यंत्र सिद्ध केले की एक चकती बाहेर असेतो दोन्ही टोकांच्या यंत्रांतून दुसरी चकती निघूच नये. आणि ती चकती हाती असल्यावाचून ड्रायव्हराने स्थानक सोडू नये. आपल्याकडे स्थानकाच्या फलाटावर वेताच्या कड्यातील गोळा धावत्या इंजिनावर देताना आपण लहानपणी डोळे विस्फारून पाहिला, तो याच तत्त्वाचा. थोडक्यात, बागेतल्या सत्रात पाळला जाणारा प्रत्येक नियम कोठेतरी, कोणीतरी, प्राणांचे मोल देऊन विकत घेतलेला आहे. खेळणारे हे जाणतात, म्हणूनच खेळ असूनही ते तो मोडीत नाहीत.

या शिस्तीतील एक गोष्ट शिक्षक म्हणून आम्हांस फार मोलाची वाटते. ज्याची बाग, ज्याचे रूळ, ज्याचा पैसा, तो यजमान त्या दिवशी एखाद्या मालगाडीचा साधा गार्ड असू शकतो. आणि कंट्रोलरच्या खुर्चीवर त्याच्याच घरची पंधरा वर्षांची नात. तिने "थांबा" म्हटले की आजोबांनी थांबावयाचे. अधिकार वयाला नाही, मालकीलाही नाही. तो त्या दिवशीच्या कामाला आहे. आपल्या घरांतून आणि, स्पष्टच सांगावयाचे तर, आपल्या मंडळांतून व गणेशोत्सवाच्या समित्यांतूनही एवढी एक गोष्ट रुजली, तर किती भांडणे वाचतील!

आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत स्थायिक आहे. त्याचे वडील आपल्या छोट्या गाडीवर गार्ड होते. तो तेथील एका मंडळात जाऊ लागला आणि मागे त्याचे एक पत्र आम्हांस आले. मंडळातील वृद्ध सभासदांनी त्यास मोठ्या आस्थेने विचारले की तुमच्या दोन फुटी मार्गावर गाड्यांची गाठ कोठे पडे, एकमेकींस वाट कशी देत, रात्री गार्ड दिव्याने कोणत्या खुणा करी? "सर," त्याने लिहिले, "बाबा हे सारे जेवताना सांगत असत, आणि आम्ही भावंडे कंटाळून उठून जात असू. आता परके लोक विचारतात, आणि बाबा नाहीत."

आम्ही ते पत्र पुनःपुन्हा वाचले. 2020 सालच्या टाळेबंदीत आपली छोटी गाडी थांबली ती पुन्हा सुटली नाही. ब्रॉडगेजसाठी ते रूळ निघाले. इंजिन रंगवून चौथऱ्यावर उभे करता येते, तिकिटे काचेच्या कपाटात मांडता येतात. पण गाडी चालविण्याची रीत कपाटात मावत नाही. ती माणसांच्या हातांत आणि जिभेवर असते, आणि त्यांच्याबरोबर निघून जाते. परदेशातील ते छंदिक लोक आपापल्या बागांत बंद पडलेल्या मार्गांची जुनी वेळापत्रके पुन्हा चालवितात, तेव्हा ते हीच रीत जिवंत ठेवीत असतात. त्यास पोरखेळ म्हणणे आमच्या तरी जिवावर येते.

आपल्यापैकी प्रत्येकाला बागेत रूळ टाकणे जमणार नाही, आणि तशी आमची सूचनाही नाही. परंतु लष्कर, मुरार, इंदूर, महू, बडोदे येथील कितीतरी मराठी घरांतून रेल्वेत आयुष्य घालविलेले आजोबा आज हयात आहेत. दिवाळीच्या सुटीत नातवंडांनी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्यापुढे बसावे. एका कागदावर स्थानकांची ओळ काढावी, त्यांच्याकडून गाड्यांच्या वेळा भरून घ्याव्यात, सोंगट्यांच्या गाड्या कराव्यात आणि आजोबांना विचारल्यावाचून एकही सोंगटी पुढे सरकवू नये. खर्च काही नाही. उशीर मात्र करू नये.