रिपोर्टवरचा बाण आणि कुत्र्याची जात

कुत्र्याच्या रक्ताचा रिपोर्ट हल्ली थेट मालकाच्या मोबाइलवर येतो. डॉक्टरांनी तो पाहण्याआधीच बाण दाखवलेल्या आकड्यांवर नजर जाते आणि पोटात गोळा येतो. पण ज्या ‘नॉर्मल’शी तो आकडा ताडला, ते नॉर्मल कोणत्या कुत्र्यांचं?

अनेक निरोगी कुत्र्यांचं रक्त तपासून मधल्या 95 टक्क्यांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात, तो पट्टा रिपोर्टवर छापला जातो. बाहेर राहिलेली 5 टक्के कुत्रीही ठणठणीतच असतात. शिवाय हा पट्टा बहुधा सरमिसळ जातींवरून काढलेला असतो आणि काही जाती त्यात बसतच नाहीत.

ग्रेहाउंड हे याचं ठळक उदाहरण. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, इतर कुत्र्यांत साधारण 37 ते 55 टक्के असतं. निरोगी ग्रेहाउंडमध्ये ते 50 ते 65पर्यंत जातं. स्नायू भरपूर, म्हणून क्रिएटिनिनही जास्त, आणि किडनीची शंका विनाकारण येते. थायरॉइडचा टी-4 तर जन्मजात कमी. एवढ्या एका आकड्यावरून धडधाकट कुत्र्याला आयुष्यभराच्या गोळ्या लागू शकतात. उलटी चूक मला जास्त घातक वाटते. ग्रेहाउंडचा पीसीव्ही 40 आला, तर रिपोर्टवर बाण नसतो, सगळे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात त्याचं रक्त कमी झालेलं असतं.

अकिता आणि शिबा जातींत तांबड्या पेशी मुळातच लहान असतात. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलच्या प्लेटलेट आनुवंशिक कारणाने मोठ्या आणि संख्येने कमी असतात. काही इतक्या मोठ्या की यंत्र त्या मोजतच नाही. आपल्याकडे प्लेटलेट घसरल्या की पहिला संशय गोचीडतापाचा, आणि तो रास्तच आहे. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तो अजिबात झटकू नये. मात्र खेळत-खात असलेल्या कॅव्हेलियरला औषध सुरू करण्याआधी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवी.

ऑगस्ट 2020मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींचा उल्लेख केला आणि मुधोळ हाउंडबद्दल शहरांतही कुतूहल वाढलं. मुधोळ, कारवान ही नजरेने शिकार हेरून वेगाने पळणारी कुत्री, ग्रेहाउंडच्याच घडणीची. म्हणून ग्रेहाउंडचे आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण लॅब्रॅडॉर-पॉमेरेनियनच्या मापानेही त्यांना मोजू नये.

सगळ्यात भरवशाचं माप म्हणजे त्याच कुत्र्याचा जुना रिपोर्ट. लसीकरणाला नेताना, कुत्रं धडधाकट असतानाच, वर्षातून एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवावा. नमुना पाठवताना अर्जावर जात आणि वय लिहिलंय ना, तेही पाहावं. अनेकदा तिथे नुसतं ‘कुत्रा’ एवढंच असतं.