लाल कोट आणि गांवचें मैदान

विश्वविद्यालय हा शब्द उच्चारला कीं ग्रंथालयें, व्याख्यानें व पदव्या यांचेंच चित्र प्रथम डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु विश्वविद्यालयाच्या भिंतींबाहेर, गवतावर व चिखलांत, विद्यार्थ्यांनीं स्वतःच्या हिंमतीवर ज्या लहानमोठ्या संस्था उभारल्या, त्यांचा इतिहासही कमी बोधप्रद नसतो. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यार्थ्यांच्या गॉल्फ क्लबांचा आरंभकाळ हा अशांपैकींच एक विषय होय. आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं गॉल्फची काठी हातीं धरली असेल. तथापि मैदान कोणाचें, खेळणाऱ्याचा हक्क कोठवर, व त्या हक्काबरोबर कर्तव्य कोणतें येतें, हा जो प्रश्न या इतिहासांत ठायीं ठायीं दिसतो, तो आज आपल्या प्रत्येक शाळेच्या दारांत उभा आहे. म्हणूनच हा दूरचा विषय आम्हीं मुद्दाम निवडला आहे.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द सांगणें अवश्य आहे. लांबच लांब पसरलेल्या गवताळ भूमीवर ठराविक अंतरांनीं लहान खळगे केलेले असतात. एक लहान, कठीण चेंडू काठीनें टोलवीत टोलवीत अशा प्रत्येक खळग्यांत पोंचवावयाचा, आणि तोही शक्य तितक्या कमी टोल्यांत, एवढेंच या खेळाचें सार. स्कॉटलंडांत हा खेळ फार जुना. लोक धनुर्विद्येचा अभ्यास सोडून त्याच्या नादीं लागतात म्हणून तेथील पार्लमेंटानें १४५७ सालीं त्याला बंदी केली होती! पुढें बंदी गेली व खेळ राहिला. परंतु इंग्लंडांत त्याचा प्रसार फार उशिरां झाला. जुना चेंडू म्हणजे पिसें ठांसून भरलेली चामड्याची गोळी. ती महाग असे व पावसांत लवकर बिघडे. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकापासून चेंडू होऊं लागले. ते स्वस्त व टिकाऊ निघाले, आणि बेताच्या पैशांत खेळूं पाहणाऱ्यांसही हा खेळ साधूं लागला. १८६४ सालीं डेव्हन परगण्यांत वेस्टवर्ड हो येथें समुद्रकांठीं एक गॉल्फ क्लब निघाला. तेथेंच हॉरेस हचिन्सन नांवाचा मुलगा हा खेळ शिकला. वयाच्या सोळाव्या वर्षीं त्यानें क्लबाचें पदक जिंकलें, व तेव्हांच्या नियमाप्रमाणें तो पोरवयाचा विजेता मोठ्या माणसांच्या त्या क्लबाचा कप्तान झाला. हाच मुलगा पुढें ऑक्सफर्डला शिकावयास गेला.

ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही ठिकाणीं विद्यार्थ्यांचे गॉल्फ क्लब १८७५ च्या सुमारास स्थापन झाले. केंब्रिजच्या क्लबामागें विल्यम लिन्स्किल या तरुणाचा उत्साह होता. स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज या गॉल्फच्या माहेरघराचा त्याला मोठा लळा. या दोन्ही क्लबांपाशीं उत्साह होता, सोबती होते, काठ्या होत्या. नव्हतें तें एकच, आणि तें म्हणजे स्वतःचें मैदान. ऑक्सफर्डच्या मुलांनीं कौली मार्श ही पाणथळ कुरणाची जागा गांठली. तेथें उन्हाळ्यांत क्रिकेट चाले. तेव्हां क्रिकेटवाल्यांचा हंगाम संपला कीं हिवाळ्यांतील गारठ्यांत व ओलींत यांचा खेळ सुरू होई. केंब्रिजच्या मुलांनीं कोल्डहॅम कॉमन ही गांवची गायरान जागा धरली. ती सपाट, चिखलाची व गुरांच्या वावराची. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचे नातू बर्नार्ड डार्विन हे १८९७ सालीं केंब्रिजच्या संघाचे कप्तान होते, व पुढें लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत त्यांनीं गॉल्फवर अनेक वर्षें लिहिलें. देशोदेशींचीं उत्तमोत्तम मैदानें पाहिलेल्या या लेखकानें कोल्डहॅमच्या मैदानाला नांवें ठेवण्यांत कसर केली नाहीं. परंतु त्या नांवें ठेवण्यांतही, बाळपणींच्या पडक्या घराविषयीं आपण बोलतों तसा, एक जिव्हाळा आहे.

दोन्ही विश्वविद्यालयांचा पहिला सामना १८७८ च्या मार्च महिन्यांत लंडनजवळील विंबल्डन कॉमन या मैदानावर झाला. त्या काळीं सामन्याचा निकाल खळग्यांच्या हिशेबानें लागे. म्हणजे प्रत्येक विजयी खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या जितके खळगे पुढें असेल, त्या सर्वांची बेरीज त्याच्या पक्षाच्या खातीं पडे. या हिशेबानें ऑक्सफर्डचे चोवीस झाले, व केंब्रिजचें शून्य. केंब्रिजच्या एकाही खेळाडूस आपला डाव जिंकतां आला नाहीं, हा त्या शून्याचा अर्थ. इतका दारुण पराभव झाल्यावर दुसऱ्या कोणीं काठ्या माळ्यावर टाकल्या असत्या. केंब्रिजच्या मुलांनीं तसें केलें नाहीं, आणि हा सामना आजतागायत चालत आला आहे. हचिन्सन यानें १८८६ व १८८७ अशीं लागोपाठ दोन वर्षें हौशी खेळाडूंचें अजिंक्यपद मिळविलें. केंब्रिजच्या संघाचा १८९० चा कप्तान हॅरी कोल्ट हा कायदा शिकला खरा, परंतु पुढें गॉल्फचीं मैदानें आंखणारा म्हणून तो जगप्रसिद्ध झाला.

येथवरचा इतिहास वाचून पुष्कळांस वाटेल कीं, चिकाटी धरा, यश येईल, हाच याचा बोध. तो खोटा नाहीं. पण आमच्या मतें तो अर्धा आहे. उरलेला अर्धा त्या विंबल्डनच्या मैदानांत दडलेला आहे.

तें मैदान त्या मुलांना मिळालें कसें? १८६४ सालीं त्या जागेचे जहागीरदार अर्ल स्पेन्सर यांनीं तिच्या कांहीं भागास कुंपण घालण्याचा व कांहीं भाग विकण्याचा बेत पुढें आणला होता. आसपासच्या रहिवाशांनीं त्यास विरोध केला. तंटा बरींच वर्षें चालला, आणि अखेर १८७१ सालीं पार्लमेंटानें कायदा करून तें मैदान लोकांकरितां मोकळें राखण्याचें ठरविलें व त्याची व्यवस्था रक्षकमंडळाकडे सोंपविली. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनीं विद्यार्थ्यांचा पहिला सामना तेथें झाला. अर्थात् ज्यांनीं कधीं गॉल्फची काठी पाहिलीही नसेल अशा नागरिकांनीं भांडून राखलेल्या जमिनीवर ही परंपरा जन्मास आली. खेळणाऱ्यांस जें फुकट मिळतें, त्याची किंमत पुष्कळदां दुसऱ्या कोणीं तरी आधींच दिलेली असते.

त्या मैदानावर केवळ गॉल्फवालेच नव्हते. तेथें लोक फिरावयास येत, घोडेस्वार येत, आणि त्या काळीं बंदुकीच्या नेमबाजीच्या मोठ्या चढाओढीही तेथेंच भरत. अशा गर्दींत गटापर्चाचा कठीण चेंडू वेगानें सुटला, तर फिरावयास आलेल्या एखाद्या वृद्धाचें किंवा बालकाचें काय होईल? यावर उपाय म्हणून नियम असा झाला कीं, तेथें गॉल्फ खेळणाऱ्यानें लाल कोट घातलाच पाहिजे. दुरून लाल रंग दिसला कीं वाटसरूनें समजावें, येथें चेंडू येण्याचा संभव आहे. विंबल्डन कॉमनवर खेळणाऱ्यास आजही अंगावर लाल वस्त्र असल्यावांचून खेळतां येत नाहीं.

या लाल कोटाचा अर्थ आमच्या विद्यार्थिमित्रांनीं नीट ध्यानीं घ्यावा. मैदानावर येणाऱ्या सामान्य माणसानें लाल कोट घालावयाचा नव्हता. तो खेळणाऱ्यानें घालावयाचा होता. 'आम्ही खेळत आहों, तुम्ही दूर व्हा' असें म्हणण्याचा अधिकार खेळाडूस दिला नाहीं. 'आमच्यापासून तुम्हांस अपाय होण्याचा संभव आहे, म्हणून सावध करण्याचें काम आमचें' असें ओझें त्याच्या अंगावर घातलें. ज्याच्या हातांत काठी, त्याच्याच अंगावर जबाबदारी. सार्वजनिक जागेचा नीतिनियम याहून थोडक्यांत कोणीं सांगितला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

याच काळांत आपल्या मुंबईंत काय चाललें होतें तें पाहिलें म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १८७५ सालींच मुंबईंत बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. त्याचे सभासद त्या वेळीं युरोपियनच असत. जवळच्या एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी, हिंदु वगैरे एतद्देशीय तरुण क्रिकेट खेळत. तेथेंच साहेब लोकांचा पोलो सुरू झाला, व घोड्यांच्या टापांनीं क्रिकेटची जागा उखडून जाऊं लागली. १८८१ सालीं या क्रिकेटपटूंनीं पोलो अन्यत्र न्यावा म्हणून सरकारकडे अर्ज केला, व पुढें हा वाद कांहीं वर्षें चालला. शापूरजी सोराबजी यांनीं या झगड्याची हकीकत १८९७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली आहे. पुढें पारशी, इस्लाम व हिंदु या जिमखान्यांस समुद्रकांठीं वेगवेगळ्या जागा मिळाल्या. जागा मिळाल्या हें चांगलेंच झालें. पण त्यांबरोबर वेगवेगळीं कुंपणेंही आलीं. येथें टाप ज्याची होती त्यानें लाल कोट घातला नाहीं. आपल्या खेळानें दुसऱ्याचा खेळ मोडतो, ही जाणीव बलवान पक्षास असती तर अर्जाची वेळच आली नसती.

विश्वविद्यालयांच्या क्लबांसही पुढें राखीव मैदानें मिळालीं. केंब्रिजच्या खेळाडूंनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं वर्लिंग्टन येथील नऊ खळग्यांचें मैदान आपलें घर केलें. तें आज 'पवित्र नऊ' या लाडक्या नांवानें ओळखलें जातें. गवत उत्तम झालें, गाई दिसेनाशा झाल्या, खेळही सुधारला. याबद्दल कोणीं त्यांस दोष देऊं नये. तथापि या इतिहासांत एक उणेपणही आहे, व तें झांकणें योग्य नव्हे. हे तरुण बहुधा सुस्थितींतील घरांतले. त्यांच्या काठ्या वाहणारीं पोरें, ज्यांस कॅडी म्हणत, तीं गरिबांचीं. खेळाडूंचीं नांवें, त्यांचे विजय व पराभव वर्षवार लिहून ठेवलेले सांपडतात. त्यांच्यामागून चिखल तुडवीत जाणाऱ्या पोरांचीं नांवें अशा यादींत येत नाहींत. जेथें मैदान सर्वांचें असतें तेथें निदान गरिबाचा मुलगा कडेला उभा राहून खेळ पाहूं तरी शकतो. कुंपण पडलें कीं तेंही राहत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या शहरांतून मोकळ्या जागा दिवसेंदिवस कमी होत आहेत. मुंबईच्या आझाद मैदानावर एकाच वेळीं क्रिकेटचे कित्येक सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात, व एका डावाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या डावाच्या फलंदाजाजवळ उभा असतो. तरीही खेळ चालतो, कारण दुसऱ्याचा चेंडू आपल्यापाशीं आला तर तो परत फेंकावा, हा न लिहिलेला नियम तेथें सर्वजण पाळतात. उलटपक्षीं पुष्कळ शाळांचीं मैदानें सायंकाळीं कुलुपांत पडलेलीं दिसतात, आणि त्याच वेळीं शेजारच्या वस्तींतील मुलें रहदारीच्या रस्त्यावर चेंडू खेळत असतात. आमचें स्पष्ट मत असें कीं, शाळेच्या वेळेनंतर मैदानाचीं दारें ठराविक तासांपुरतीं, ठराविक नियमांनीं, शेजारच्या मुलामुलींकरितां उघडावीं.

यावर पालकांचे आक्षेप येतील हें आम्ही जाणतों. नासधूस होईल, भांडणें होतील, कोणास इजा झाली तर जबाबदार कोण, असें ते विचारतील. हे आक्षेप पोकळ नाहींत. पण याच अडचणी विंबल्डनच्या मैदानावरही होत्या. तेथें चेंडू गवताचे नव्हते, आणि फिरणारे लोकही लोखंडाचे नव्हते. तेथील व्यवस्थापकांनीं मैदान बंद केलें नाहीं. नियम केला, आणि तो बलवानाच्या अंगावर घातला. आपल्याकडेही वेळा ठरवितां येतील, लहान मुलांस वेगळा कोपरा देतां येईल, आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांवर पाळीपाळीनें देखरेख सोंपवितां येईल. दुसरा आक्षेप अभ्यासाचा. त्यास उत्तर एवढेंच कीं, आपण खेळतांना दुसऱ्यास वाट करून देणें, हाही एक अभ्यासच आहे, व तो कोणत्याही पाठ्यपुस्तकांत पुरा होत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, स्वतःचें मैदान नाहीं म्हणून संघ काढावयाचा राहूं देऊं नका. कौली मार्शचें पाणी व कोल्डहॅमचा चिखल यांची आठवण ठेवा. पहिल्या सामन्यांत शून्य मिळालें म्हणूनही खचूं नका. परंतु मैदानावर पाऊल टाकण्यापूर्वीं एक गोष्ट मात्र स्वतःस विचारा: ही जागा माझ्याआधीं कोणीं राखली, आणि माझ्याबरोबर आणखी कोणाची आहे? या प्रश्नाचें उत्तर ज्याच्या मनांत सदैव जागें असतें, त्यानें लाल कोट घातला आहे असेंच आम्ही म्हणूं, मग त्याच्या अंगांत फाटका सदरा कां असेना.