बांधावरून : इंजिनाचा विषय आणि कलेक्टरची परीक्षा



परवा खारबांधाची पाहणी आटोपून रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात खारेपाटातले एक ओळखीचे शेतकरी भेटले. त्यांचा थोरला मुलगा लोणेऱ्याच्या विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनीअर झालेला. चहा घेता घेता म्हणाले, "साहेब, पोरगा कलेक्टरच्या परीक्षेला बसतो म्हणतोय. पुण्याला दोन वर्षं राहायचं, क्लास लावायचा. दीड एकर गहाण टाकावं असं मनात आहे. पण त्याचे दोस्त सांगतात, इंजिनाचा विषय सोड, इतिहास घे. तुमचं काय मत?"

भाताच्या वाणाबद्दल विचारले असते तर लगेच सांगितले असते. इथे मात्र थांबलो, कारण या विषयात माझाच हात पोळलेला आहे.

आधी परीक्षा कशी असते ते पाहू, कारण पुष्कळ घरांत मुलगा कशाला बसला आहे हे आईबापांना नीट ठाऊक नसते. दिल्लीच्या लोकसेवा आयोगाची ही परीक्षा तीन टप्प्यांची. पूर्वपरीक्षेत नुसती चाळणी होते. तिचे गुण पुढे धरत नाहीत. मुख्य परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची. मुख्य परीक्षेतले ५०० गुण उमेदवाराने स्वतः निवडलेल्या एका विषयाचे, म्हणजे वैकल्पिक विषयाचे. त्याच्या २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. २०१२ पर्यंत असे दोन विषय घ्यावे लागत, २०१३ पासून एकच. त्या यादीत यंत्र अभियांत्रिकी आहे, आमचे कृषिशास्त्र आहे, मराठी साहित्यही आहे. आपल्या राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून याच धर्तीवर लेखी झाली, त्यामुळे हा प्रश्न आता गावोगावी येणार.

यंत्र अभियांत्रिकीच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत यंत्रांची गती, धातूंचे गुणधर्म, कारखान्यातले उत्पादन असे भाग येतात. दुसरीत उष्णतेचे शास्त्र, इंजिने, वाफ आणि शीतकरण. मी त्यांना म्हटले, "तो समोर मचवा आहे ना, त्याच्या डिझेल इंजिनात तेल नुसत्या दाबाने का पेटते, आणि मासळीसाठी बर्फ करायला यंत्राला वीज का लागते, हेच तुमचा मुलगा तिथे गणिताने मांडणार."

या विषयाची जमेची बाजू अशी की गणित बरोबर आले, पायऱ्या नीट मांडल्या, तर गुण देताना परीक्षकाच्या मर्जीला फारसा वाव राहत नाही. उणी बाजूही तेवढीच खरी. अभ्यासक्रम लांबलचक आहे, सामान्य अध्ययनाला त्याचा उपयोग थोडा, आणि सुरुवातीलाच आकडा चुकला की पुढचे सगळे गणित कोसळते. इतिहास किंवा भूगोल घेणाऱ्याचा काही अभ्यास दोन्हीकडे कामी येतो. मुलाचे मित्र सांगतात त्यात म्हणूनच तथ्य आहे.

पण माझे ऐका. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मीही या परीक्षेला बसलो होतो. कृषिशास्त्र घेतले ते ठीक. दुसरा विषय मात्र खोलीतल्या सगळ्यांनी घेतला म्हणून इतिहास घेतला. शाळा सोडल्यापासून इतिहासाचे पुस्तक उघडलेले नव्हते. कृषीचे गुण बरे आले, इतिहासाने बुडवले. वडिलांनी त्यासाठी एक बैलजोडी विकली होती. ती आठवण अजून जात नाही.

विषय कोणता घेतला यावर पुढची कामगिरी ठरते, असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळ नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८ साली आय.सी.एस.ला पहिले आले. मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली होती, केंब्रिजला शिकले ते वनस्पतिशास्त्र, आणि १९४३ मध्ये झाले रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर!

आता जमिनीचे. पूर्वपरीक्षेतून वैकल्पिक विषय २०११ पासूनच गेला. तिची तयारी घरी राहून, वर्तमानपत्र आणि शाळेच्या पुस्तकांवर पुष्कळशी करता येते. पूर्व आणि मुख्य यांच्यात मात्र अवघे काही महिने असतात. तेवढ्यात नवा विषय कसा उभा राहणार? ज्याने चार वर्षे इंजिने शिकली, त्याची पुस्तके घरात आहेत, त्याने निम्मी वाट चाललेलीच आहे. म्हणून मी सांगितले, मुलाने आयोगाच्या संकेतस्थळावरून जुनी प्रश्नपत्रिका काढावी, घड्याळ लावून तीन तास बसावे आणि लिहावे. मग इतिहासाची तशीच घेऊन पाहावी. कोणत्या विषयात हात चालतो ते त्याचे त्यालाच कळेल. तोवर गहाणखत नको.

आणखी एक सांगितले. खुल्या गटात वयाची मर्यादा ३२ वर्षे आणि संधी सहा. पूर्वपरीक्षेचा एक पेपर जरी दिला तरी संधी खर्ची पडते, तेव्हा 'बघू तर खरे' म्हणून बसू नये. शिवाय मेकॅनिकलच्या अभ्यासावर केंद्राची अभियांत्रिकी सेवा परीक्षा देता येते, आणि राज्यात सहायक मोटार वाहन निरीक्षकाचीही. इतिहास घेतला तर या दोन वाटांना त्याचा उपयोग नाही. शेतकऱ्याच्या मुलाला हा हिशेब धरावाच लागतो.

लाँच लागली तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "मग बँकेत सोमवारी जात नाही. पोराला आधी कागद सोडवायला बसवतो." आणि जाता जाता विचारले, "उघाडीची फळी कुजलीय, ती कधी बघाल?"

ती बुधवारी ओहोटीला पाहायची ठरली आहे.