मेंदूतील चिप आणि एक घोट कॉफी



मेंदूत चिप बसवणे हा अब्जाधीशांचा खेळ आहे, असे आपल्या गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. ते मला अजिबात पटले नाही. न्यूरालिंक या कंपनीने पहिल्या रुग्णाच्या मेंदूत चिप बसवली ती २०२४ साली. अमेरिकेतील ब्रेनगेट या अशाच चिपच्या संशोधन प्रकल्पाच्या मानवी चाचण्या मात्र २००४ मध्येच सुरू झाल्या होत्या आणि त्या संशोधनाला सरकारी निधीचाही आधार होता.

या प्रकल्पातील एक प्रयोग २०१२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. स्ट्रोकमुळे हातपाय आणि वाचा गेलेल्या एका बाईंनी, केवळ हात हलवण्याचा विचार करून, यांत्रिक हाताने कॉफीची बाटली उचलली, तोंडाशी आणली, स्ट्रॉने घोट घेतला आणि बाटली पुन्हा टेबलावर ठेवली. सुमारे १५ वर्षांनी त्या कोणी न पाजता काही प्यायल्या! पक्षाघाताच्या रुग्णांना रोज व्यायाम देणाऱ्या माझ्यासारखीला या घोटाचे मोल कळते.

पत्रलेखकांची एक शंका मात्र रास्त आहे : कंपनीनेच अंग काढून घेतले तर? तसे घडलेही आहे. ‘आर्गस २’ हे दृष्टिपटलावर बसवायचे उपकरण जगभरात ३५०हून अधिक अंध व्यक्तींना बसवले गेले. सेकंड साइट कंपनीने २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले आणि पुढे दुरुस्तीसाठी हे लोक वाऱ्यावर पडले.

म्हणून आपल्याकडील नैतिकता समित्यांना विनंती : चाचणीला परवानगी देण्याआधी उपकरणाच्या आयुष्यभराच्या देखभालीची हमी लेखी घ्या.

– एक फिजिओथेरपिस्ट, मिरज